हरणाची गोळी किती मोठी असावी?



वसंतातल्या या व्याख्यानसत्रात संतवाङ्मय, अर्थकारण, नाट्यसंगीत असे विषय येतात. त्यांच्या पंगतीत बंदुकीच्या गोळीलाही पाट मांडलेला पाहून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक शिकार बंद झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी उरलीसुरली शिकारही संपली. तो कायदा आम्हांस मनापासून मान्य आहे. येथे बसलेल्यांपैकी कोणी उद्या पहाटे चितळाच्या मागे निघावे असा या भाषणाचा हेतू नाही. मग हा विषय कशासाठी, असे आपण विचाराल, तर त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो.

जगात अशी पुष्कळ राष्ट्रे आहेत, की जेथे हरणे मारणे हे सरकारमान्य, किंबहुना सरकारला हवे असलेले काम आहे. इंग्लंड-स्कॉटलंडातून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. हरणाला खाणारा कोणी उरला नाही. हरणे वाढतात, कोवळी रोपे खुडतात, आणि जुनी झाडे पडली तरी त्यांच्या जागी नवे रान उठू देत नाहीत. तेथे श्वापदाचे काम माणसाला करावे लागते. वाघाला त्याचे हत्यार जन्मतःच मिळालेले असते. माणसाला ते निवडावे लागते. आणि ही निवड चुकली, तर तिचा दंड निवडणारा भरत नाही, हरीण भरते. पोटात किंवा मांडीत गोळी घेऊन ते झाडीत शिरते आणि दोन-दोन दिवस मरत पडते. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही हौसेचा प्रश्न म्हणून पाहत नाही. ज्याला मारायचेच आहे त्याला कसे मारावे, हा तो प्रश्न आहे, आणि तो शिकाऱ्यांपुरता राहत नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. नळीच्या पोकळीचा व्यास म्हणजे कॅलिबर. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांना ठाऊक असतो. त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. ही झाली छऱ्याची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि भोवरा फिरतो तोवर जसा तोल सांभाळतो तशी तीही सांभाळते. रायफलचे माप इंचाच्या किंवा मिलिमीटरच्या अंशात सांगतात. ‘२४३’ म्हणजे ०.२४३ इंच, सुमारे सव्वासहा मिलिमीटर. ‘३०८’ म्हणजे पावणेआठ मिलिमीटरांच्या थोडे वर.

परंतु या नावांवर फार विसंबू नये. जर्मनांच्या ‘७×५७’ मध्ये पहिला आकडा नळीचा आणि दुसरा काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या लांबीचा. अमेरिकनांच्या ‘३०-३०’ मध्ये दुसरा आकडा दारूच्या वजनाचा, तर ‘३०-०६’ मध्ये तो चक्क सालाचा आहे, म्हणजे १९०६ चा. इंग्रजांनी तर जर्मनांच्याच ७×५७ ला ‘२७५ रिग्बी’ असे बारसे करून आपल्या घरात घेतले. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल ती हीच.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. हा शब्द परका वाटला तरी सराफकट्ट्याला तो परका नाही. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आणि जुना चांदीचा रुपया तेवढ्याच वजनाचा होता. ३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा धातू. २४३ ची १०० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून किंचित जड. एवढ्याशा धातूने दोनशे किलोंचे सांबर कोसळावे, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही.

आपल्या पणजोबांच्या काळच्या शिकाऱ्यांनाही ते खरे वाटले नसते. त्या वेळी काळी दारू होती. ती कितीही भरली तरी गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देऊ शकत नसे. वेग वाढत नाही म्हटल्यावर वजन वाढवणे एवढाच उपाय उरे. म्हणून ०.४५० आणि ०.५७७ इंच व्यासाच्या जाडजूड रायफली आणि हत्तीसाठी तर आठ बोअरच्या तोफा खांद्यावर वाहाव्या लागत. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि हे गणित बदलले. गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या पलीकडे गेला, आणि नळीचा व्यास जवळजवळ निम्मा झाला. आजही हरणासाठी वापरात असलेली बहुतेक नामांकित काडतुसे त्यानंतरच्या सत्तर वर्षांतली आहेत: १८९२ चे ७×५७ माउझर, १८९४ चे स्वीडन-नॉर्वेचे ६.५×५५, १८९५ चे ३०-३०, १९०६ चे ३०-०६, १९२५ चे २७०, १९५२ चे ३०८ आणि १९५५ चे २४३.

यांतील कित्येक मुळात शिपायासाठी जन्मली. आपल्या देशात तर लष्कराने शिकाऱ्याची निवड उलट्या बाजूने ठरवली. सैन्याचे काडतूस प्रजेच्या हाती जाऊ नये म्हणून थ्री-नॉट-थ्री सर्वसामान्यांस वर्ज्य झाली, आणि ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ ही परवानेदाराची रायफल ठरली. १९०७ साली ०.४५० व्यासाच्या रायफलींना हिंदुस्थानात मज्जाव झाला, तेव्हा विलायतेतल्या कारागिरांनी तेवढ्यासाठी ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. हत्तीचे कातडे त्या वर्षी जाड झाले नव्हते. सरकारचे भय जाड झाले होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. गोळीने प्राणी मरतो तो कसा? पुष्कळांची समजूत अशी असते, की गोळीच्या तडाख्याने तो उलथून पडतो आणि मरतो. ते खरे नाही. गोळी मेंदूत किंवा मानेच्या कण्यात बसली तरच प्राणी जागच्या जागी कोसळतो; पण ती जागा लहान, आणि सतत हलणारी. म्हणून शहाणा शिकारी छातीवर, पुढच्या पायाच्या मागे नेम धरतो. तेथे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण एका जेवणाच्या ताटलीएवढे लक्ष्य असते. गोळी त्यातून आरपार गेली की रक्त वाहून जाते, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. या काही सेकंदांत हृदय फुटलेले हरीणही पन्नास-शंभर यार्ड धावत जाऊ शकते. ते धावले म्हणजे गोळी लहान पडली, असा निष्कर्ष काढून मोठ्या रायफलीच्या दुकानाकडे पळणारे लोक जगात कमी नाहीत.

गोळीच्या व्यासाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तिच्या घडणीला आहे. सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या कवचात बंद असते. ती सुईसारखी आरपार जाते आणि अरुंद जखम करते. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ शिशाचे किंवा पोकळ ठेवलेले असते. ते शरीरात शिरताच फुलासारखे उमलते आणि जखम रुंद होते. या उमलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्या दाराशीच घडलेला आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थ्री-नॉट-थ्रीसाठी मऊ टोकाची गोळी तयार झाली, आणि ‘दमदम’ हे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरण्यास मनाई केली. आणि त्याच गोळ्या, श्रोतेहो, इंग्लंडच्या हरीण-कायद्याने शिकाऱ्यास सक्तीच्या केल्या आहेत! माणसाला जी गोळी मारणे क्रौर्य, ती हरणाला न मारणे गुन्हा. विसंगती वाटते खरी. पण थोडा विचार केला की उलगडा होतो. युद्धात शत्रू निकामी झाला तरी काम भागते. तो जगला-वाचला तर बरेच. शिकारीत जखमी होऊन वाचण्याला जागाच नाही. तेथे लवकर येणारे मरण एवढीच दया उरते.

मग खालची मर्यादा कोणती? गोळीचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजन दुप्पट केले तर जोर दुप्पट. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. हा जोर फूट-पौंडात मोजतात. इंग्लंडात १९६३ च्या कायद्याने ठरवले आणि १९९१ च्या कायद्याने कायम ठेवले, की हरणावर ०.२४० इंचाहून बारीक किंवा नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंडांहून कमी जोराची रायफल चालवू नये. २२३ हे लोकप्रिय काडतूस ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सव्वातीन हजार फूट वेगाने फेकते, पण तिचा जोर भरतो सुमारे १,२८० फूट-पौंड; म्हणून ते बाद. २४३ ची १०० ग्रेनची गोळी सुमारे १,९५० पर्यंत जाते, ती उत्तीर्ण. ३०८ ची १५० ग्रेनची गोळी सुमारे २,६५०. अपवाद एकच: चीनमधून आणलेले मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचे चुलत भावंड, आणि तसेच लहान चिनी पाणहरीण यांना २००७ पासून ०.२२० इंच आणि १,००० फूट-पौंड एवढ्यावर मारता येते. जनावर लहान, तर गोळी लहान.

जर्मनांची रीत याहून थोडी निराळी, आणि आमच्या मते अधिक तर्कशुद्ध आहे. ते जोर नळीच्या तोंडाशी न मोजता शंभर मीटरांवर मोजतात, म्हणजे हरीण जेथे उभे असते तेथे. लहान रो हरणासाठी तेथे १,००० जूल पुरतात. त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि जोर २,००० जूल हवा. मोजण्याच्या जागेने किती फरक पडतो पाहा. ३०-३० ची बोथट, १७० ग्रेनची गोळी नळीशी सुमारे १,८२५ फूट-पौंडांची असते. दोनशे यार्डांवर तिच्यात हजाराच्या आतच जोर उरतो. आणि तेच २४३ इंग्लंडात तांबड्या हरणाला चालते, समुद्र ओलांडून जर्मनीत गेले की त्याच हरणाला चालत नाही. तेव्हा ही मर्यादा निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. माणसांनी विचारपूर्वक मध्ये सोडलेले ते अंतर आहे.

खालची मर्यादा कायदा सांगतो. वरची मर्यादा मात्र कोणी सांगत नाही, आणि बहुतेक माणसे तेथेच फसतात. कमी जोर वाईट, तर जास्त जोर चांगला असे त्यांना वाटते. पण न्यूटनचा नियम शिकारीच्या खांद्यालाही लागू आहे. गोळी जेवढ्या नेटाने पुढे जाते तेवढ्याच नेटाने रायफल मागे येते. २४३ चा धक्का ३०-०६ च्या सुमारे निम्मा असतो. ३७५ मॅग्नमचा धक्का ३०-०६ च्याही दीडपटीहून पुढचा. दोन-चार वेळा खांदा सडकला गेला, की शरीर पुढच्या बाराची आधीच धास्ती घेते. डोळे मिटतात, खांदा आखडतो, चाप हळू दाबला जाण्याऐवजी हिसकला जातो, आणि ताटलीच्या मध्यावर जायची गोळी एक वीत मागे पोटात जाते. पोटात बसलेली मोठ्या मापाची गोळी छातीत बसलेल्या लहान मापाच्या गोळीहून कितीतरी अधिक क्रूर असते. ज्या रायफलीची भीती वाटते, ती कितीही जोरदार असली तरी त्या माणसाच्या हाती ती दुबळीच आहे.

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक २७५ रिग्बीने. म्हणजे ज्या काडतुसाला आपण हरणाचे म्हणतो त्याने. हे सांगताना एक इशारा दिला पाहिजे. बेलने हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन तिचा अभ्यास केला होता, आणि नेमबाजीत त्याची बरोबरी करणारे विरळा. त्याचे उदाहरण घेऊन कोणी लहान रायफलीने मोठ्या जनावरामागे लागला, तर ते भीमाचा आहार पाहून ताट वाढून घेण्यासारखे होईल. आफ्रिकेत आज अनेक देशांत हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठी ३७५ ची किमान अट आहे, आणि ती योग्यच आहे. बेलपासून घ्यायचा धडा इतकाच, की जागा चुकली तर जोर तिची भरपाई करीत नाही.

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक लक्ष्य साधण्याचा, दुसरा रोज न चुकता पाळण्याचा. नॉर्वेच्या लोकांना मराठी येत नाही, पण त्यांनी हे दोन्ही अर्थ एकत्र केले आहेत. मोठ्या जनावराच्या शिकारीस जाणाऱ्याला तेथे दर वर्षी परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरांवरच्या आकृतीवर पाच गोळ्या. कालची पदके उपयोगी पडत नाहीत. यंदा जमते की नाही एवढेच पाहतात. स्वीडनमध्ये तर रानगव्याएवढ्या मूस हरणाच्या शिकारीत, जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा नियम आहे. चूक होणारच, हे धरून चालणारा कायदा आम्हांस नेहमीच अधिक प्रामाणिक वाटतो.

आणखी दोन गोष्टींनी निवड बदलते. एक म्हणजे हरणामागे काय आहे. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. टेकडीच्या उतारावर मागे माती असते. सपाट, दाट वस्तीच्या मुलखात शेजाऱ्याचे घर असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात म्हणूनच पूर्वी हरणावर रायफल चालवू देत नसत; २०१४ पासून काही सरळ पुंगळीच्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांना परवानगी मिळाली. तेथे कमी पल्ला हा दोष न ठरता गुण ठरला.

दुसरी गोष्ट शिशाची. मऊ गोळी उमलताना तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. रानात टाकलेली ती आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातील काँडोर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये अवघे बावीस उरले होते, आणि शिशाची विषबाधा हे त्याच्या नाशाचे एक मोठे कारण होते. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीतून शिसे हद्दपार केले. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून शिकारी रायफलच्या गोळीतून ते काढले. तांबे शिशाहून हलके असते, म्हणून तेवढ्याच आकाराची गोळी कमी वजनाची होते. पण ती फुटून विखुरत नाही, खोल जाते. उमलण्यासाठी मात्र तिला वेग हवा. त्यामुळे गोळी जितकी जड तितकी बरी, हा जुना ठोकताळा आता तसाच्या तसा लागू पडत नाही.

एवढ्या विवेचनानंतर श्रोते रोकडे उत्तर मागतील, आणि ते मागणे रास्त आहे. शेळीएवढ्या रो हरणाला किंवा चाळीस-पन्नास किलोंच्या हरणाला, दीडशे यार्डांच्या आत, नवशिक्याच्या किंवा हलक्या अंगाच्या माणसाच्या हाती २४३ उत्तम. तांबड्या हरणापर्यंत सर्वांसाठी एकच रायफल ठेवायची असेल तर ६.५×५५, ७×५७ किंवा ३०८. यांत भांडण्याजोगा फरक नाही. मूसएवढे जनावर असेल तर ३०८ किंवा ३०-०६, जड गोळीसह. याच्यावरच्या मॅग्नमांची हरणाला गरज नाही. गरज असलीच तर ती शिकाऱ्याच्या अभिमानाला असते. आणि रायफलीवर खर्चायच्या पैशांतून थोडे वाचवून ते सरावाच्या काडतुसांवर खर्चावे.

आता शेवटी आपल्या घरी येऊ. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला रोही आणि रानडुक्कर यांचे नाव काढताच झोप उडते. पिकाचा नाश करणाऱ्या काही प्राण्यांना ठार करण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्याने देण्याची सोय कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद झाला. तो मारावे की मारू नये याचा होता, आणि तो व्हायलाच हवा. पण मारायचे ठरल्यावर कशाने, किती अंतरावरून, कोणाच्या हातून, हा प्रश्न त्या गदारोळात आमच्या कानी आला नाही. परवानगीचा कागद हाती आलेल्या शेतकऱ्याकडे बहुधा बारा बोअरची बंदूक असते. तिच्या छऱ्यांचा बार चाळीस यार्डांपलीकडे विखुरतो. दोनशे किलोंचा रोही त्याने मरत नाही, सडतो. आणि ज्याच्याकडे तीही नसते, तो कुंपणात वीज सोडतो. ती तार रोही, वाघ आणि शेजाऱ्याचा पोरगा यांत भेद करीत नाही.

मारण्याची परवानगी देणाऱ्याने साधनाची आणि हाताची परीक्षाही घेतली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. इंग्लंड-जर्मनीने हरणासाठी इंच आणि जूल मोजले, ते त्यांना हरणे फार प्रिय होती म्हणूनच नव्हे. मारणे हे काम पत्करले की त्याचे माप ठेवावे लागते, हे त्यांना उमगले म्हणून. अहिंसेची परंपरा सांगणाऱ्या देशाला हे माप ठेवणे अधिक शोभेल. जीव घ्यावा की न घ्यावा, यावर आपले मतभेद राहतील आणि राहावेत. पण घ्यायचाच झाला तर तो हाल न करता घ्यावा, यावर या मंडपात दोन मते नसावीत.